वाहिद पिंजाऱ्याचा हात

शहाद्याच्या पिंजारगल्लीत वाहिद पिंजाऱ्याइतका ताठ माणूस त्या काळात दुसरा नव्हता, आणि त्याचा ताठा फुकाचा होता असं म्हणायची आमच्या गावात कोणाची छाती नव्हती. हा तेहतीस-चौतीस सालाचा सुमार. लग्नसराई तोंडावर आली की तापीकाठच्या गुजरांच्या बैलगाड्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायच्या. गल्लीत पिंजारी बारा, पण गाड्या थांबायच्या त्या वाहिदच्या ओट्यासमोर. लेकीबरोबर सासरी जाणारी गादी वाहिदच्याच हातची हवी, असा बायांचा हट्टच असे. बाकीचे अकरा जण चिलीम ओढत बघत बसायचे.

त्याचा हात होताच तसा. छताला टांगलेली कमान, तिला आतड्याची ताणलेली तांत आणि त्या तांतीवर मारायचा लाकडी ठोकळा, एवढाच सगळा पसारा. तांत कापसाला नुसती शिवली पाहिजे. जरा रुतली की कापसाच्या गाठी होतात आणि वर्षभरात गादीचे गोळे. वाहिदचे दोन ठोके भरदार पडायचे आणि तिसरा हलका. टण्ण, टण्ण, टुण. त्या हलक्या ठोक्यावर कापूस जो उमलून वर यायचा, तो खाली बसायचं नावच घेत नसे. ही चाल त्याला बापाकडून मिळाली होती, पण बापाचं नाव तो घाईत घ्यायचा आणि स्वतःचं सावकाश.

"आंधारामा हातमा द्या," तो सांगायचा. "मन्हा पिंजेल कापूस मी बोट लावताच वळखसू."

असा हा गडी एका वेगळ्याच नादाला लागला होता. मशिदीत चटया अंथरणारे अनीसचाचा म्हणून एक म्हातारे होते. बोलायचे कमी, हसायचे जास्त. एकदा ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "पिंजी ऱ्हायना शेस, ते ठीक. पन तुन्हा आंगमा 'मी, मी' करनारा कोन शे, त्याले एकडाव धरीसन दाखाड."

वाहिदला वाटलं, यात काय अवघड? कापसातली किडकी कवडी शोधतो, तसा शोधू. रोज ठोके मारताना तो स्वतःला विचारू लागला, मारतोय कोण? वर्षभर त्यानं हे चिकाटीने केलं, हे मात्र त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. एका जुम्म्याला तो चाचांपुढे जाऊन बसला.

"चाचा, घर मन्हं नही, मान्य. नाव मन्हं नही, ते बापनी ठेयेल शे. आंग बी मातीनं शे, मातीमा जाई. पन हात? हात मन्हाच शे. तो काही सुटस नही."

चाचा पोट धरून हसले. "मंग तो तठेच लपेल शे."

वाहिद घरी आला तो खट्टू होऊन. सगळं सोडलं तरी एवढ्याशा हातात सारा मीपणा येऊन बसला होता, हे त्याला पक्कं कळलं. आणि खरं सांगायचं तर तो बाहेर काढायची त्याची इच्छाही नव्हती.

त्या साली दिवाळीनंतर हिवतापाची साथ आली आणि वाहिद खाटेला खिळला. दीड महिना. जसोदाबाई म्हणून तापीकाठच्या एका गुजराच्या घरची मालकीण होती, तिच्या थोरल्या लेकीच्या गाद्यांचा कापूस नुकताच येऊन पडला होता आणि वाहिदनं शब्द दिलेला. तापात त्याला काही सुधरत नव्हतं. पण अधूनमधून कानावर ठोके यायचे. दोन भरदार, एक हलका. त्याला वाटायचं, आपणच पिंजतोय. खांदासुद्धा दुखायचा.

"तापमा बी मी पिंजीच ऱ्हायंतू," शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोला, नईमाला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नईमानं त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि ती पेज आणायला आत गेली. कापसाचं विचारल्यावर म्हणाली, गाद्या पोचल्या. बहुतेक गल्लीतल्या कोणीतरी मदत केली असेल, असं समजून वाहिदनं तो विषय सोडला.

फाल्गुनात जसोदाबाई पुन्हा आली. आता धाकटीचं लग्न होतं.

"वाहिदभाऊ," ती गाडीतूनच म्हणाली, "दिवाळीनंतर जश्या गाद्या करी दिन्यात, तश्याच करी दे. असा कापूस मन्ही उमरमा देखा नही."

पलीकडच्या ओट्यावर अन्वर चौधरी बसला होता. तो पिंजारजमातीचा म्होरक्या, स्वतःही पिंजारी, आणि वाहिदच्या नावानं पोटात दुखणाऱ्यांत पहिला. त्याचे कान टवकारले.

"दिवाळीनंतर? दिवाळीनंतर ते हाऊ खाटवर पडेल व्हता. मंग पिंजा कोनी?"

गल्ली गोळा झाली. बारा कमानी दिवसभर वाजायच्या, त्यात कुठला ठोका कुठल्या घरचा हे तेव्हा कोणी कान देऊन ऐकलं नव्हतं. वाहिदच्या डोक्यात तिडीक गेली. मदत करायची तर सांगून करावी; गुपचूप आपल्या नावावर कोणी भलत्यानं हात चालवला, याहून मोठी चोरी त्याच्या लेखी नव्हती. जसोदाबाईच्या गाडीत त्यातलाच उरलेला कापूस होता. तिनं तो उशांसाठी गाठोड्यात बांधून ठेवला होता.

"आना तो कापूस," वाहिद गरजला. "मन्हा डोया बांधा. कोना हात शे, मी सांगसू. आनि ज्याना व्हई, त्यानी मन्हा नाववर पोट भरनं बंद करानं."

अन्वरनं आपल्या खांद्यावरचा पंचा काढून वाहिदचे डोळे करकचून बांधले. तीन मुठी कापूस समोर ठेवला. एक अन्वरच्या घरचा, एक वाहिदनं आदल्या दिवशी पिंजलेला आणि एक जसोदाबाईच्या गाठोड्यातला.

वाहिदनं पहिल्या मुठीला बोट लावलं आणि नाक मुरडलं. "हाऊ अन्वरना. गाठी देखा." लोक हसले. दुसरी मूठ त्यानं चिमटीत धरली. "हाऊ मन्हा. पन हात थकेल व्हता." तिसरी मूठ मात्र त्यानं तळव्यावर घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. तंतू न तंतू मोकळा होता. त्याचा चेहरा उजळला.

"हाऊ ते मन्हाच! असा हात आख्खा खानदेशमा दुसरा नही. बापनी आन."

कोणी हसलं नाही. त्यानं पंचा ओढून काढला. त्याच्या तळव्यावर जसोदाबाईचा कापूस होता.

"खाटवर पडीसन पिंजा का?" अन्वरनं गोड आवाजात विचारलं.

वाहिदला तापातले ठोके आठवले. त्यानं वळून दाराकडे पाहिलं. दाराआड नईमा उभी होती, आणि चौकटीवर टेकलेल्या तिच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, घट्टा होता. ठोकळा जिथे घासतो, नेमका तिथेच. तसा घट्टा वाहिदच्या हातावर वीस वर्षं होता.

आता हे सांगायला हवं की पिंजारजमातीत बाईनं कापूस वेचावा, गादी भरावी, टाके घालावेत. तांतीला हात लावू नये. लावला तर ती कमान मोडून टाकायची, आणि त्या घराला कोणी काम द्यायचं नाही. एक शब्द पुरे होता. 'मी उठून पिंजला' एवढं वाहिद म्हणाला असता, तर गल्लीनं विश्वास ठेवला असता. नाव राहिलं असतं, नईमा वाचली असती, आणि हातही त्याचाच राहिला असता. तो शब्द त्याच्या ओठांवर आला होता, यात मला शंका नाही.

पण तो कापूस त्याच्या तळव्यावर होता, आणि त्याच्यापुढे खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"हाऊ कापूस मन्हा नही," तो म्हणाला. मग आवाज चढवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, "नईमानी पिंजेल शे. मन्हापेक्षा चांगला पिंजा!"

एवढा अभिमान त्याच्या आवाजात स्वतःसाठीही कधी उतरला नव्हता. अन्वर ताडकन उठला. जमात, रिवाज, बापजादे, सगळं त्यानं एका दमात काढलं. कमान मोडायची म्हणाला.

"मोडा," वाहिद म्हणाला. "पन पहिले सांगा, तिले शिकाडं कोनी?"

दाराआडून नईमा बोलली. गल्लीनं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "कोनी नही शिकाडं. बारा वरीस समोर बठीसन ऐकं. कानमाथीन हातमा उतरनं."

अन्वर पुन्हा ओट्यावर टेकला. त्याच्या बापानंही त्याला शिकवलं नव्हतं, समोर बसवलं होतं. जसोदाबाईनं गाडीतून कापसाचं नवं गाठोडं ओट्यावर ढकललं. "बाईना हात का गडीना, गादीले काय समजस? माले हाऊच हात पायजे."

वाहिद उठला. त्यानं ठोकळा घेतला, डोक्याच्या टोपीनं पुसला आणि भर गल्लीत नईमाच्या हातात दिला. ती पदर खोचून कमानीपाशी बसली. वाहिद समोर बसला, जिथे बारा वर्षं ती बसत आली होती.

टण्ण, टण्ण, टुण.

पहिल्या काही ठोक्यांना तो तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याचे डोळे मिटले. ठोका तिच्या हातून पडत होता आणि खांदा याचा हलत होता, बापाचा हलायचा तसा. कापूस उमलून ओट्यावरून गल्लीत उडाला, लोकांच्या टोप्यांवर बसला, अन्वरच्याही. कोणी झटकला नाही. आमच्या गल्लीनं तेवढी शोभा पुन्हा पाहिली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

जसोदाबाई गाडीतून वाकून बघत होती. तिला दिसलं, वाहिदच्या मिशांतून पाणी ओघळतंय.

"वाहिदभाऊ," तिनं हळूच विचारलं, "रडी ऱ्हायना का काय?"

वाहिदनं डोळे उघडले आणि खरोखरच न कळून इकडेतिकडे पाहिलं.

"कोन?" त्यानं विचारलं.