फोर्क कडक झालाय

“फोर्क कडक झालाय गं,” असं नवरा पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी दहावीचे सराव पेपर तपासत बसले होते. मान वर न करताच म्हटलं, “रविवारी बघते.”

आमच्या घरात सायकलचा फोर्क उघडायचं काम माझं. लोकांना हे उलटं वाटायचं. तो साजगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला, मी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, मग पान्याला हात लावायचा तो कुणी? पण झालं असं होतं की पळसदरीला सुट्टीला येणाऱ्या एका माणसाकडून त्याने ही डोंगरात चालवायची सायकल जुनी विकत घेतली, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर फोर्क घरी उघडताना बोल्ट इतका आवळला की त्याचे आटेच गेले. मग सगळं सामान माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “आमच्याकडं पाना मोठा आन् बोल्टबी मोठा. ह्ये घड्याळजीचं काम हाय. तूच कर.”

मी व्हिडिओ बघून शिकले. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं तो फोर्क. त्याच्या एका पायात हवा भरलेली असते आणि ती बसणाऱ्याचं वजन पेलते. दर वर्षी पाऊस सरला की पडवीत वर्तमानपत्रं पसरायची, हवा सोडायची, खालचे बोल्ट सैल करायचे. तो रबरी हातोडीने हलके ठोके मारायचा आणि मी खालचे पाय ओढून काढायचे. आतून चिखल मिसळलेलं काळं तेल परातीत पडायचं. मग नळ्या स्पिरिटने पुसायच्या, स्पंजच्या चकत्या नव्या तेलात भिजवायच्या, सिरिंजने तेल मोजून घालायचं. सासूबाईंच्या एका जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यात गेल्या होत्या, त्यावरून त्या दर वर्षी न चुकता बोलायच्या. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असे. पण पाय ओढताना “धर ना नीट, रे!” असं तोंडातून निघून जायचंच. त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

रविवारी मी पंप लावून बघितला. हवा नेहमीएवढीच होती. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. ती खाली सारून माणसाने सायकलवर बसायचं आणि हळूच उतरायचं. जितका फोर्क दबला तितकी रिंग वर सरकलेली दिसते. तो बसला, उतरला. रिंग जेमतेम हलली होती.

“सील सुकले असतील,” मी म्हटलं.

उघडलं तर आत तेल मी घातलं होतं तसंच स्वच्छ. तरी सील बदलले, सगळं पुन्हा बसवलं. तो पळसदरीच्या धरणापलीकडे जाऊन आला आणि मनगटं चोळत म्हणाला, “तसाच हाय. दगडावर दणके बसतात.”

“मग दुसऱ्या कुणाला दाखव.” मला राग आला होता.

“तुज्याशिवाय कुणाला हात लावू देनार नाय,” तो म्हणाला आणि पडवीतच आडवा झाला. हल्ली आला की आडवा होत असे. शिफ्टमुळे, असं तो म्हणायचा. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं होतं आणि त्यावर खूश होता. पोट गेलं म्हणून मित्रांनी टाळ्या दिल्या होत्या. सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, “निम्मी भाकर ठेवून उठतो.”

पुढच्या रविवारी मी फोर्क पुन्हा उघडला. कुठे ओरखडा नाही, काही नाही. सगळं बसवलं, हवा भरली आणि चिडून मी स्वतःच सायकलवर जाऊन बसले. मी त्याच्या खांद्याला लागते. एकदा गंमत म्हणून बसले होते तेव्हा रिंग हललीसुद्धा नाही असं म्हणून तो हसला होता. मी उतरले आणि वाकून बघितलं. मग त्याला हाक मारली.

“जरा बस.”

तो बसला, उतरला. रिंग माझ्यासाठी जिथे थांबली होती तिथेच त्याच्यासाठीही थांबली होती.

भात भरडायला न्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी टेंपोत पोतं टाकून आम्ही दोघं गिरणीत गेलो. पोतं काट्यावरून उतरलं तेव्हा मी म्हटलं, “तू पण उभा राहा ना.” तो हसत चढला. गिरणीवाल्याने त्याला लहानपणापासून पाहिलेलं. त्याने आकडा बघितला आणि म्हणाला, “उतर रं. परत चढ.” तो परत चढला. गिरणीवाल्याने पुसायच्या फडक्याने काट्याची काच पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

नवऱ्याने आकड्याकडे बघितलंच नाही. तोही माझ्याकडेच बघत होता.

“फोर्क बरोबर हाय ना गं?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

आधी खोपोलीचे डॉक्टर, मग पनवेल, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. गाठ स्वादुपिंडात होती. तो अवयव मी दर वर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. जठराच्या मागे, आडवा, पानासारखा. तिथल्या डॉक्टरांनीही कागदावर तसाच काढला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं की ती गाठ कुठपर्यंत पसरलीय. चित्र सुबक होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मग माझे कान बंद झाले. बाहेर आल्यावर नवऱ्यालाच मला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये काही बरे दिवस यायचे. तशाच एका सकाळी तो म्हणाला, “हवा कमी कर. माज्या वजनाची कर.”

मी टोपण काढलं, व्हॉल्व्ह दाबला. फुस्स करून थोडी हवा गेली. तो पडवीच्या खांबाला धरून बसला, उतरला. रिंग अजून कमीच सरकली होती. पुन्हा थोडी सोडली. मग बरोबर जागेवर आली.

“आता?”

“आता बरा बसतोय.” त्याच्या तोंडावर खरंच समाधान होतं. त्या दिवशी तो शेताच्या बांधापर्यंत जाऊन आला. मी मागून चालत गेले. तो वळून म्हणाला, “लोनी झालाय गं फोर्क!”

पुढे अंगणातच फेऱ्या. मग नुसतं बसणं. दर वेळी थोडी हवा कमी. पंपाच्या काट्यावरचा आकडा मी सांगत नसे, तोही विचारत नसे. एकदाच विचारलं.

“किती ऱ्हायली गं?”

“आहे ती पुरेशी आहे.”

“मास्तरीणबाय,” तो हसला, “खोटं बोलतेस.”

मी पंपाची नळी काढायच्या निमित्ताने खाली बघत राहिले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती हलका होता ते मला अजून डोक्यावर जाणवतं.

मग एक दिवस पाय सायकलवरून पलीकडे टाकायला गेला आणि टाकताच आला नाही. थोडा वेळ तो हँडलवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मी धरायला पुढे झाले तर मान हलवली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाला. पुन्हा त्याने सायकलचं नाव काढलं नाही.

भात फुलोऱ्यावर असताना तो गेला. दुपार होती. मी आत पेज करत होते, सासूबाई त्याच्या तळपायांना तेल चोळत होत्या. त्यांनी “ये गं” एवढंच म्हटलं. मी गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि मग गेले. झाकण का ठेवलं, कुणास ठाऊक. कुणी पिणार नव्हतं ती पेज.

सायकल पडवीत उभी राहिली. त्याच्याबरोबर फिरणारे मित्र येऊन बसून गेले. एकाने जपून म्हटलं, सायकल कुणाला द्यायची असेल तर सांगा. मी नको म्हटलं. कर्जतहून माझा मोठा भाऊ आला. शाळा जवळ पडेल, तिकडे राहायला चल, म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटलं. सासूबाई चहाचे कप उचलत होत्या. त्यांनी ऐकलं हे मला ठाऊक होतं.

आम्ही दोघी एकमेकींसमोर रडत नव्हतो. त्या मागच्या दारी जायच्या, मी मोरीत.

थंडीच्या सुरुवातीला एकदा त्या पडवी झाडता झाडता थांबल्या. “ही पुढून बसली गं खाली.”

“हवा गेली असेल.”

“मंग भर.”

“कुणासाठी?” मी म्हटलं. फार कडू म्हटलं. त्या पुन्हा झाडायला लागल्या.

रविवारी उठून बघते तर त्यांनी पडवीत वर्तमानपत्रं पसरली होती. सामानाची पेटी आणून ठेवली होती. आणि फाडायला एक लुगडं, तेही फारसं जुनं नव्हतं.

“मला दाव,” त्या म्हणाल्या. “मी धरते.”

मी बोल्ट सैल केले. “आता ठोकायचं,” म्हटलं तर त्यांनी हातोडी उचलली. “त्यो मारायचा ना?”

“हो. हळू मारायचा.”

त्यांनी फारच हळू मारलं. काही हललं नाही. मग जोरात मारलं, मग आणखी जोरात, मग थांबेचनात. मी “बास, आई, बास,” म्हणत हातोडी धरली तेव्हा त्या खालीच बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. माझे हात तेलाने भरलेले. तसेच मी त्यांच्या गळ्यात टाकले. किती वेळ गेला कळलं नाही. शेजारीण कुंपणाशी आली आणि न बोलता परत गेली.

नंतर आम्ही काम पुरं केलं. तेल गढूळ झालं होतं, ते काढून नवं घातलं. पाय बसवताना त्यांनी चाकाकडची बाजू घट्ट धरली. पंप लावल्यावर मी थांबले. किती भरायची?

“उबी ऱ्हाईल येवडी भर,” त्या म्हणाल्या.

मी तेवढी भरली.

न्हाणीत राख घेऊन हात घासताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “भावाकडं जातेस काय गं? गेलीस तरी मी काय म्हननार नाय. तुजं वय हाय अजून.”

मी त्यांच्या हातांवर तांब्याने पाणी ओतत होते. तेल निघता निघत नव्हतं.

“नाही जात,” मी म्हटलं. “निदान आत्ता नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि आणखी राख घेतली.