शिलाई मशीनवरचा दिवा

हे मी मागच्या रविवारपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आज मी खुशीत आहे — आणि खुशीत असलो की माझं तोंड थांबत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. तिथे पॅनलला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि चावी खिशात ठेवायची, असा नियम. नव्या लोकांना मी तो ओरडून शिकवतो. आणि घरी? घरी कसलं कुलूप अन् कसला टेस्टर! आपल्या घरात आपल्याला कोण विचारतंय?

नऊ वर्षांपूर्वी आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचो. तिथल्या सॉकेटमधून वायर काढून मी ओट्यावर बल्ब लावला. दहा मिनिटांत. वर मिरवलोसुद्धा. पुढे एकदा तो बल्ब गेला. सुनीतानं — माझ्या बायकोनं — बटण बंद केलं, स्टुलावर चढली, आणि... शॉक बसून खाली पडली. मनगट मोडलं.

तिला दवाखान्यातून आणून झोपवलं आणि मी बोर्ड उघडला. बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर होतं. फेज, करंट आणणारी वायर, थेट होल्डरमध्ये — म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट होताच. चूक माझी, धडधडीत माझी. मी गुपचूप वायरी बदलल्या. संध्याकाळी तिनं विचारलं, बटण बंद असताना शॉक बसलाच कसा? मी काय म्हणालो असेन?

"हात ओले असतील तुझे."

तेव्हापासून ती बल्बला हात लावेना. पाहुणे चिडवायचे — वायरमनची बायको आणि विजेला भिते! मीही हसायचो. हो, मीही.

आता मोशीत आमचं स्वतःचं घर आहे, तिचं शिवणकाम जोरात चालतं. रविवारी अचानक म्हणाली, "मशीनवर दिवा पायजे. ह्या सॉकेटातनं मीच घेते. तुमी नुस्तं सांगा."

आणि काय काम केलं म्हणून सांगू! त्या खोलीचा एमसीबी खाली पाडून करंट बंद केला. टेस्टर चालतोय ना म्हणून आधी स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटवर लावून पाहिला, मगच या बंद सॉकेटवर. फेज बटणातून, न्यूट्रल सरळ होल्डरला. मी हात मागे बांधून उभा. मध्येच तिनं विचारलं, "फेजच का बटनातून न्यायचा?"

एवढं साधं उत्तर — पण तीच तर माझी नऊ वर्षांपूर्वीची चूक. मग सगळंच सांगितलं. बोर्ड, वायरी, खोटं.

तिनं हातातला स्क्रू आवळला. "हात कोरडे होते माझे," मग म्हणाली. "मला ठाऊक होतं. पण तुमी म्हणलात, म्हणून मीच मला खोटं पाडलं."

एमसीबी वर केला, बटण दाबलं. लख्ख उजेड! मग तिनं बटण बंद केलं, बल्ब काढला, पुन्हा बसवला. पुन्हा काढला. मी म्हणालो, अगं पुरे.

"तुमी गप बसा."

तिनं बल्ब बसवला. आणि तिसऱ्यांदा काढला.