आतड्यातला टॉवेल

भिवंडीच्या कामतघरमधल्या आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज झाडल्या तरी साचतात. शेजारच्या लूममधून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, उडून येणारा कापूस आणि किस्से. कापूस झाडायला संगीता आहे. ती जवळच्या कोन गावाहून येते आणि काउंटर सांभाळते. किस्से मात्र बहुतेक माझ्याच फजितीचे, ते झाडायला कुणीच तयार नसतं!

मी पॅथॉलॉजिस्ट. पोटाचे डॉक्टर दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे काढून पाठवतात, आमचा टेक्निशियन इरफान त्यांच्या स्लाइड बनवतो आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून विद्वान दिसतो.

*

नवीन होतो तेव्हा एका स्लाइडवर मला लांबलचक कृमी दिसला. पुस्तकात नसलेला! फोटो काढून डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकला, "असा कुणी पाहिलाय का?"

पोटाचा डॉक्टर असलेल्या माझ्या मित्राचं, दिलीपचं, लगेच उत्तर आलं, "भिवंडीत रोज पाहतो. मीटरला काय भाव?"

स्लाइड पुसली. कृमी फडक्याला चिकटून आला.

*

कासमशेठ शेजारच्या लूमचे मालक. त्यांचा रिपोर्ट समजावताना मला शिकवायची हुक्की आली. म्हटलं, "शेठ, आतडं आतून टर्किश टॉवेलसारखं असतं. बोटांसारखे बारीक उंचवटे, त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्यावर पेशी, आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी बारीक केसांचा ब्रश. सगळं उलगडून पसरलं तर खोलीभर होईल!"

शेठ उसासा टाकून म्हणाले, "अल्लाची कमाल हाय, डॉक्टर. पोटात एवढा माल, आनि गोदामातला उचलायला गिऱ्हाईक न्हाय!"

*

स्लाइड बनवण्याआधी आतड्याचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, उभा लावावा लागतो. आडवा लागला की विलायची बोटं दिसत नाहीत, नुसती गोल भोकं दिसतात. एकदा तशी स्लाइड आली आणि माझा पारा चढला. "इतकी वर्षं झाली, इरफान! आंधळ्यानेसुद्धा यापेक्षा बरा लावला असता!"

"सर, परवा मी सुट्टीवर होतो ना. ब्लॉक आपनेही बनाया था."

*

एका पेशंटचा भाऊ चाचरत म्हणाला, "स्लाइड मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवली तर?"

मी खुर्चीत रेलून म्हणालो, "खुशाल न्या. पेशी मुंबईला जाऊन बदलत नाहीत!" हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढे मी ते प्रत्येकाला ऐकवू लागलो. लॅबमध्ये पाठ झालं सगळ्यांना.

*

माझा जीव गव्हात. सकाळी पाव, दुपारी पोळ्या, संध्याकाळी पुन्हा वडापाव. संगीता आणि इरफान दोघांच्या डब्यात तांदळाची भाकरी. मी हसायचो, "हे काय आजाऱ्याचं जेवण!"

यंदा माझं वजन उतरायला लागलं, पोट रोज बिघडायचं. दिलीपने दुर्बीण घातली. "ॲसिडिटी आहे रे," मीच त्याला सांगत होतो. "आणि तुकडे दुसऱ्या लॅबला पाठव, स्वतःचं स्वतः बघणं बरं नव्हे." तो हो म्हणाला. मी निर्धास्त झालो.

आमच्या लॅबचा नियम असा, की स्लाइडवर फक्त नंबर. नाव संगीता नंतर जोडते. ओळखीचं नाव दिसलं की डोळ्याला भीड पडते, म्हणून नियम मीच केलेला.

चार दिवसांनी वडापाव खाता खाता एक स्लाइड पाहिली. विलाय पार झिजून गेलेले, टॉवेलची सतरंजी झालेली! मी जोशात सांगितलं, "लिही संगीता! सीलिॲक रोग वाटतो. रक्ताची तपासणी करून घ्या म्हणावं, पण माझी खात्री आहे. गहू यांना विष आहे. पोळी, पाव, बिस्किट, जन्मभर बंद! एक घाससुद्धा नाही!"

संगीता माझ्या हातातल्या वडापावकडे बघत राहिली. "सर, नाव जोडू?"

"जोड की!"

तिने प्रिंट काढून समोर ठेवला. वाचलं. वडापाव खाली ठेवला. पुन्हा वाचलं.

"दिलीपसर बोलले, घरची लॅब असताना बाहेर कशाला," इरफान हळूच म्हणाला. "सही करो सर."

मी पेन बंद केलं.

"ही स्लाइड मुंबईला पाठवा!"