पोत्यातली काठी

रामाकोन्याहून नागपूरच्या बसमध्ये आमच्या गावचा एक बागाईतदार नेहमी माझ्याच बाजूला बसतो, पोत्यात गुंडाळलेली गोल्फची काठी पायांत दाबून.

"नागपूरचं ग्राउंड सगळ्यायसाठी खुलं हाये, पण एका खेळाची फी म्हणजे तोडणीच्या चार बायायची मजुरी," असं पुटपुटतो आणि लगेच मागे पाहतो. संत्र्याचा बगीचा त्याचा आणि मोठ्या भावाचा सामायिक आहे, आणि घरी कोणाला हा खेळ ठाऊक नाही.

परवा सौंसरला तो भाऊच बसमध्ये चढला.

"काठी काहाले रे?"

"संत्रे झोडपाले, भाऊ."

आजूबाजूचे वळून पाहू लागले. आमच्याकडे संत्रं हातानं, देठासकट तोडतात. झोडपलेलं कोणी घेत नाही.

भावानं काठी स्वतःच्या मांडीवर घेतली. "चाल, मले बी दाखव, कोणाचा बगीचा झोडपून राहिला."

नागपूर येईपर्यंत धाकटा खिशातले फीचे पैसे पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.