गेटाखालचं बेट

व्यंकट गेला त्याला आता महिना उलटून गेला. लिहायला बसायचं आणि उठायचं, असंच चाललं होतं. माणूस गेला की त्याचे गुण आठवायचे असतात म्हणे. मला मात्र त्याचं डोकं खाणंच आठवतं. शेवटच्या भेटीतसुद्धा त्याने तेच केलं. नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी, आवाज बसलेला... मी मोसंबी सोलून द्यायला लागलो तर म्हणाला, ते राहू दे, आधी दिगंबरला फोन लाव आणि गेट उघडलं का विचार. दिगंबर हा त्याचा धाकटा भाऊ. निलंग्याकडे मांजरेच्या काठी त्यांचं गाव आहे, तिथली शेती तोच बघतो आणि गावाजवळच्या बॅरेजची, म्हणजे नदीवरच्या गेटांच्या बंधाऱ्याची, किल्लीही त्याच्याकडेच असते. मी त्याच्यासमोरच फोन लावला. दिगंबर म्हणाला, उघडलं न्हाई, दादाला सांगा, शब्द दिलाय म्हंजे दिलाय. व्यंकटने डोळे मिटले. त्या दुपारी तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला, असं त्याची मुलगी नंतर सांगत होती. तिचा पुढचा फोन आला तो व्यंकट गेल्याचाच.

आमची दोस्ती नांदेडची, एका खोलीत राहून डिप्लोमा करायला आलो तेव्हाची. तो पास होऊन सरकारी इंजिनिअर झाला. मी दोनदा गटांगळी खाऊन रेल्वेच्या ऑफिसात चिकटलो आणि तिथेच म्हातारा झालो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मला गावी न्यायचा. तेव्हाची मांजरा म्हणजे नुसती वाळू आणि वाळूतून वाट काढणारी पाण्याची एक धार. धारेच्या कडेने टरबुजांचे वेल, संध्याकाळी वाळूवर पसरलेली कासवं, आणि पाखरं. पिवळी चोच, काळी टोपी घातल्यासारखं डोकं, दुभंगलेली शेपटी. पुस्तकात त्यांना नदीसुरय म्हणतात. गावात त्यांना नावच नव्हतं, नदीतली पाखरं एवढंच. ती उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. आम्ही अनवाणी चालायचो तेव्हा व्यंकटची आई काठावरून ओरडायची, खाली बघून चाला रे, अंडी हायती.

पुढे त्याच नदीवर बॅरेज बांधायचं निघालं आणि कामावर नेमका व्यंकटच आला. बांधून झालं, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गेटं खाली केली, तेव्हा गावाने त्याला हलगी लावून मिरवलं. ऐन मे महिन्यात त्याने मला बोलावून घेतलं आणि काठोकाठ पाणी दाखवलं. नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, व्यंकट, लेका, नाव काढलंस. तो लाजला. आज कुणाला खोटं वाटेल, पण त्या पाण्यासाठी त्या गावाने जे सोसलं होतं ते मी पाहिलेलं आहे. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बायका पाहिलेल्या आहेत. म्हणून आजही बॅरेजला सरसकट नावं ठेवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. व्यंकटलाही यायचा.

पण नदीचं मात्र हळूहळू काहीतरी होत गेलं. एका बॅरेजचं पाणी संपतं तिथे वरचं दुसरं बॅरेज, त्याच्या वर तिसरं. ऊस वाढला, घरं पक्की झाली. पाणी उभंच राहिलं, त्यावर जलपर्णी आली, तळाला गाळ बसला, वाळू बुडाली. कासवं दिसेनाशी झाली. पाणमांजर तर नव्या पोरांना चित्रातलंच वाटतं. व्यंकट रिटायर होऊन गावी राहायला गेला तेव्हा त्याच्या हे ध्यानात आलं. मला फोनवर म्हणाला, अरे, पाणी अडवायचं आम्ही शिकलो, नदी काय असते ते कुणी विचारलंच नाही... असं तो फार बोलायचा नाही. बहुतेक वेळा कंबरदुखीबद्दल बोलायचा.

पाखरं उरली होती ती एकाच जागी, बॅरेजच्या गेटाखाली. तिथे वाळूचं एक लहानसं बेट होतं. गेटांची रबरं झिजलेली, त्यातून पाणी झिरपायचं, ते बेटाच्या दोन्ही अंगांनी वाहायचं आणि त्यामुळे कुत्री तिकडे फिरकत नसत. आता गंमत बघा, ज्या इंजिनिअरने जन्मभर गळतीवरून लोकांना झापलं, तो म्हातारपणी रबरं बदलू नका म्हणून लोकांच्या हातापाया पडत होता. गावात हसू झालं. दिगंबर मला म्हणाला होता, भाऊ, दादाला जरा समजवा, लोक येडं म्हनून राहिले.

खरी अडचण वेगळीच होती. खालच्या बॅरेजच्या गावांना उन्हाळ्यात पाणी द्यावं लागे. त्यांची पाळी आली की गेट उचलायचं, आणि गेट उचललं की बेट पाण्याखाली, अंडी-पिल्लांसकट. व्यंकटचं म्हणणं एवढंच की पिल्लं उडेपर्यंत थांबा. ओसरीवर दोघा भावांचा वाद मी ऐकलेला आहे. दिगंबर आवाज न चढवता म्हणाला,

"दादा, खालच्या गावाला काय सांगू? पाखरं बसलीत, तुमची गुरं तान्हेली ठेवा?"

"थोडे दिवस म्हणतोय मी."

"थोडे दिवस गुराला लई असतात."

तरी व्यंकट दरवर्षी विचारत राहिला, खालच्या गावी जाऊन चहा पीत राहिला, सरपंचाच्या नातवाच्या बारशाला गेला. एका वर्षी मात्र जमलं. पाऊस बरा झाला होता, खालच्यांच्या विहिरींना पाणी होतं, त्यांनी पाळी पुढे ढकलली आणि पिल्लं उडाली. त्या दिवशी त्याने मला तीन वेळा फोन केला आणि तीनही वेळा तेच सांगितलं. मी वैतागलो होतो. नंतरची वर्षं पुन्हा कोरडी गेली, बेट दरवर्षी बुडालं. यंदा आजार कळल्यावर त्याने दिगंबरला जवळ बसवून शब्द घेतला. मरणाऱ्या भावाला नाही कोण म्हणणार... दिगंबर खालच्यांशी भांडून आला आणि गेट बंद राहिलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी गावी होतो. राख भरून सगळे नदीवर गेलो, गेटाखालच्या पायऱ्यांवर. समोर झिरपणारं घोट्याभर पाणी, मधे बेटावर अंडी-पिल्लांवर बसलेली पाखरं. राख वाहत्या पाण्यात सोडायची, पण राख वाहून नेईल एवढं पाणी होतं कुठे? भटजी घुटमळले. दिगंबर खिशातली किल्ली काढून बॅरेजवर चढायला लागला. मला कळलं तेव्हा तो वर पोचला होता. हाक मारता आली असती. पण काय म्हणून हाक मारायची? लाइट नव्हती, त्याने एकट्याने हँडल मारून गेट उचललं. पाण्याचा लोंढा आला, राख त्यात मिसळली आणि गेली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. माझे उघडेच होते. पाणी पसरत बेटावर चढलं आणि सगळी पाखरं एकदम उठली. बराच वेळ ती तिथल्या तिथे घिरट्या घालत होती, खाली झेपावत होती, पुन्हा वर जात होती. त्यांचा ओरडा पाण्याच्या आवाजात नीट ऐकूही येत नव्हता. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, दोस्तासाठी रडतोय. त्याच्यासाठीही रडत होतोच.

दिगंबर खाली आला. हातांना काळं ग्रीस लागलेलं, शर्ट घामाने भिजलेला. त्याने खालच्या बाजूला एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला,

"आईची राख उभ्या पाण्यात सोडली होती, भाऊ. कैक दिवस घाटालाच तरंगून राहिली. दादा रोज येऊन बघायचा, जेवायचा न्हाई. म्हनला, माझ्याच बॅरेजनं आईला आडवलं." त्याने हातांचं ग्रीस पायरीला पुसलं. "दादाला तरी वाहतं पानी भेटलं. त्याला बरं वाटलं असतं, न्हाई का?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"हाव," म्हणालो. "लई बरं वाटलं असतं."