आयर्लंडचा पडका कॅसल, परभणीच्या दारात

धनत्रयोदशीच्या दुपारी आमच्या परभणीच्या घरासमोर एक किल्ला ढासळला. मीच बांधलेला... आणि तोही आयर्लंडचा! हसा बिनधास्त, गल्ली हसलीच आहे.

माझी धाकटी बहीण शीला आयर्लंडमध्ये नर्स आहे. ती राहते त्या गावाबाहेर, एका शेतकऱ्याच्या वावरात, जुना कॅसल आहे. चौकोनी, उंच, नुसता दगडाचा... पण छप्पर नाही, एक भिंत पार खालपर्यंत उतरलेली, आत गाई चरतात आणि वर कावळ्यांची वस्ती. तिथे कोण कुणाशी लढलं हे शीलाने मला दोनदा सांगितलं, मी दोनदा विसरले. पण नाईट ड्युटी संपली की ती तिथल्या दगडावर बसून आम्हाला फोन करते, त्यामुळे तो कॅसल आता आमच्या घरातलाच झालाय.

शीला नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा या गल्लीने तिला फार ऐकवलं. मार तिने खाल्ला आणि नाक म्हणे आमचं कापलं गेलं... नर्सिंग लग्नाआधीच झालं होतं. तिने नोकरी धरली, इंग्रजीची परीक्षा दिली आणि गल्लीची नजर चुकवून मागच्या गल्लीतून आयर्लंडला गेली.

तेव्हापासून एकदाही दिवाळीला आली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणते. हे कारण खोटं आहे हे मलाही माहीत आहे आणि आईलाही.

यंदा गल्लीत किल्ले स्पर्धा ठेवली होती. आमच्याकडे पूर्वी ही पद्धत नव्हती, पुण्याकडची हौस आता इकडे आलीय. म्हटलं, ती येत नाही तर तिचा कॅसल तरी दारात आणू. मी ब्लाउज शिवते, हाताला मापाची सवय आहे. शीलाने पाठवलेला फोटो मशीनवर चिकटवला आणि लागले कामाला. भिंतीवरच्या वेलीसाठी हिरव्या अस्तराची कातरणं कामाला आली.

फक्त एक सुधारणा केली... पडका करायला हात धजेना. सणासुदीला दारात पडकं कशाला? म्हणून चारही भिंती सरळ उभ्या केल्या आणि वर पुठ्ठ्याचं छानसं छप्पर चढवलं.

आणि माती आणली पेडगावच्या आमच्या शेतातली. काळी, अस्सल! कापूस पिकवायला हिच्यासारखी माती नाही, पण नुसती थापली तर वाळली की तडकते. शेतकऱ्याच्या लेकीला हे कळायला हवं होतं. तिच्यात मुरूम नाही, भुसा नाही, शीलाच्या माहेरची माती म्हणून नुसत्या प्रेमाने थापली... ऑक्टोबरचं ऊन लागलं, भेगा पडल्या आणि एक अख्खी भिंत छपरासकट खाली आली.

लगेच स्पर्धेवाले काका हजर. समोरच राहतात. शीलाला सगळ्यात जास्त ऐकवलं होतं ते यांनीच. "ताई, उद्या परीक्षक बघायला येणार हायेत. नीट करा, न्हाईतर उचला. सणाला दारात पडकं बरं दिसत न्हाई... तुमच्या घरात आधीच..." पुढचं आम्ही पाठ केलेलं आहे.

इतका राग आला... पण सणाचा दिवस, आई दारात उभी. मी गुमान फावडं आणलं.

तेवढ्यात शीलाचा व्हिडिओ कॉल आला. किल्ला दाखवते असं मीच सांगून ठेवलं होतं. आईने फोन उचलला आणि ढिगाऱ्यासमोर धरला.

शीलाने फोन डोळ्यांजवळ नेला. मग जी ओरडली! "अगं आक्का, अस्साच हाय की गं! हीच भिंत पडलीय! हात लावू नको त्येला!" तिच्या मागे भुरभुर पावसात खरा कॅसल भिजत उभा होता.

मी म्हटलं, "काका म्हणायलेत, पडकं बरं दिसत नाही." फोन स्पीकरवर, काका दोन हातांवर.

"इथं लोक गाड्या करून बघायला येतेत आक्का. कुणी पाडत न्हाई, कुणी लाजत बी न्हाई. एक भिंत गेली म्हणून काय झालं? बाकीचा उभाच हाय ना?"

कॅसलबद्दल बोलत होती ती... पण आवाज फुटला तिचा.

माझी आई जन्मात कुणाला उलटून बोललेली नाही. 'जाऊ दे गं' हे तिचं ठरलेलं वाक्य. शीलाला बोलणी बसली तेव्हाही ती हेच म्हणाली होती. तिने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं, भिंतीला टेकवलं. घरातून पणती आणून पेटवली आणि पडक्या भिंतीतून आत ठेवली. मग काकांकडे वळून म्हणाली, "माझ्या लेकीचा हाय. ऱ्हाऊ द्या."

काका गेले. मी स्पर्धेची पाटी पुसली आणि तिच्यावर खडूने लिहिलं... किल्ला : शीलाचा. अवस्था : उभा.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आमच्या दारावरून न थांबता पुढे गेले. जाऊ देत. मी पाटीचा फोटो शीलाला पाठवला होता. संध्याकाळी तिचं उत्तर आलं... "पुढच्या दिवाळीला येते. दारातूनच येते, मागच्या गल्लीतून न्हाई."

त्या तडकलेल्या मातीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. चारही भिंती धड राहिल्या असत्या तर हे काहीच घडलं नसतं.

किल्ला अजून दारात आहे. ज्यांना बघवत नाही त्यांनी पलीकडच्या कडेने जावं. पावसाळ्यात तो विरघळेल, मला माहीत आहे... पण शीला यायच्या आधी मी तो पुन्हा बांधीन. पेडगावच्याच मातीत. आणि या वेळी पडकाच बांधीन.