सध्या जुन्नर

पावणं पंख्यालासुद्धा गाव विचारत. जुन्नरच्या पेठेत माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागूनच त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार असो की कुणाच्या लग्नात आहेरात आलेला पंखा, हातात घेतला की आधी फडक्यानं त्यावरची पत्र्याची पट्टी पुसायची, इंग्रजी अक्षरं एकेक लावून वाचायची आणि मला ओरडून सांगायचं, "भाऊ, ह्ये बी पावणं कलकत्त्याचंच!" तांब्याची तार वगैरे नंतर.

माणसांची तर सुटकाच नव्हती. पायरीवर पाय पडायचा अवकाश, "या पावणं, गाव कंचं?" गाव कळलं की तिथला कुणीतरी ओळखीचा निघे, तो नाही निघाला तर तिथल्या एखाद्या विहिरीवरची त्यांनी दुरुस्त केलेली मोटार निघे. आपण मोटार घेऊन आलोय की सोयरिकीला, असा गिऱ्हाइकाला प्रश्न पडे. शेवटी सगळी पेठ त्यांनाच पावणं म्हणू लागली. वयानं ते माझ्याएवढेच, पण नावच असं पडलं की क्रियापद आपोआप आदराचं होई. मी त्यांना अहोजाहो करी आणि ते मला अरेतुरे.

मात्र कुणी उलटून विचारलं, "आणि पावणं, तुमचं?" की उत्तर ठरलेलं, "सध्या जुन्नर." एवढं बोलून ते पान्हा शोधायला लागत. त्या 'सध्या'ला बरीच वर्षं झाली होती. त्यांचं भोकरशेत डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं होतं. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या बायकोनं सांगितलं. गाव उठलं तेव्हा पूर्वेकडच्या माळावर गावकऱ्यांना जमिनी मिळाल्या, त्यात पावण्यांच्या वाट्यालाही एक तुकडा आला होता. भाड्याची खोली सोडू, तिकडं दोन खोल्या बांधू, असा वहिनींचा धोशा असे. पावणं बधत नसत. "तिथं ऱ्हायचं तर लोकान्ला काय सांगायचं? वसाहत? वसाहत काय गाव असतंय व्हय?"

वहिनी एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "गाव पाण्यात गेलं, पर आमी तर वर हाय ना?" पावणं पान्हा शोधायला लागले. धरणातल्या माशालाही ते तोंड लावत नसत. "माझ्या वट्यावर चरलाय त्यो," असं हसत हसत म्हणत, म्हणून आम्हीही हसत असू.

कलकत्त्याचं खूळ निघालं ते त्या पंख्यांमुळे. "एवढं पावणं तिकडनं आलं, आपुन एकदा उलटी भेट द्याया नको?" असा त्यांचा सवाल. पितृपंधरवडा होता. त्या दिवसांत माझ्याकडे कुणी नवी वही घ्यायला येत नाही आणि पावसामुळं विहिरींवरच्या मोटारी गप्प असतात. दोघंही माशा मारत बसलो होतो, तेव्हा निघालो. पुण्याहून हावड्याला जाणाऱ्या गाडीचा साधा डबा, भाकऱ्यांची चवड, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं विकत खायचं नाही, हा माझा नियम. मी शहराचा एक नकाशाही मिळवला होता आणि त्याचा बराच अभ्यास केला होता. पावण्यांनी तो पसरून त्यावर भाकरी ठेवली.

नागपूर यायच्या आत अर्ध्या डब्याची गावं त्यांना पाठ झाली होती. आम्हाला बसायला जागा मिळाली तीही त्याच विद्येवर.

हावड्याला उतरलो आणि स्टेशनाबाहेरचा लोंढा बघून माझं अवसान गळालं. तेवढ्यात एक हातरिक्षावाला अंगावरच आला. मी घासाघीस करायला तोंड उघडणार, तोच पावणं पुढं झाले. "पावणं, गाव कौनसा तुम्हारा?" तो आधी नुसता बघत राहिला आणि मग असा हसत सुटला की आजूबाजूचे रिक्षावाले गोळा झाले. तो बिहारचा, छपऱ्याकडचा. त्यांच्या बोलीत पाहुन म्हणजे जावई, हे आम्हाला तेव्हा कळलं. "बाबूजी, हमको पाहुन बना दिए, तो बेटी कहाँ है?" त्यानं विचारलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"आपल्यात बी जावयाला पावणंच म्हन्त्यात की," पावणं मला म्हणाले आणि त्याच्याकडं वळले. "बेटी गाव में है. पहिले सासरे को ऱ्हायने का जगा दिखाव!"

त्यानं खरोखरच दाखवली. त्याच्या गावाकडच्या हमालांची एक वखार होती, तिच्या ओसरीवर आमचा मुक्काम पडला. सगळे आम्हाला ससुरजी म्हणत आणि चहा पाजायला आपसांत भांडत. घरच्या जावयानं माझी एवढी बडदास्त कधी ठेवलेली नाही.

मग आम्ही शहरभर हिंडलो, बरंचसं पायी आणि पाय बोलायला लागले की ट्राममधून. मी म्युझियम पाहिलं, पावण्यांनी म्युझियमच्या पहारेकऱ्याचं गाव काढलं. पंख्यांचा कारखाना काही सापडला नाही, पण पंख्यांच्या एका दुकानात शिरून त्यांनी दोन-तीन पंख्यांना हात लावला आणि समाधानानं बाहेर आले. मी कुरकुर केली की त्यांचं एक तत्त्वज्ञान ठरलेलं असे. "शहरात कुनीच शहरातलं नसतंय, भाऊ. समदी कुठनं तरी आल्याली. आपुन फकस्त इचारायचं ऱ्हातंय."

भाकऱ्या संपल्या तेव्हा नाइलाजानं माझा नियम मोडला. गल्लीगल्लीत देवीच्या मांडवांचे बांबू रोवले जात होते. त्यातल्याच एका गल्लीत भात-माशाची छोटी खाणावळ होती. मालक म्हातारा, अंगात बनियन, स्वतःच वाढत होता. पावण्यांनी सवयीनं विचारलं, "गाव कौनसा, दादा?"

भात वाढता वाढता म्हातारा म्हणाला, "अभी तो कलकत्ता."

पावण्यांचा हात ताटातच थांबला. आजवर हजारांना त्यांनी गाव विचारलं असेल, पण आपलंच उत्तर असं समोरून आलेलं नव्हतं. "और पहिले?" त्यांनी हळूच विचारलं.

म्हाताऱ्यानं दाराबाहेरच्या पाटीकडं बोट केलं. अक्षरं बंगाली, आम्हाला कुठली वाचता येणार? मग त्यानंच मोडक्या हिंदीत सांगितलं. गाव सरहद्दीपलीकडं राहिलं. तो लहान असताना सगळे तिथून उठून आले. बापानं खाणावळ काढली तेव्हा तिला देवाचं नाव न देता गावाचं दिलं. "पहले सिर्फ दुकान का नाम था. अभी पूरा गली को यही बोलता है." आणि मग त्यानं विचारलं, "आप लोग किधर का?"

मी 'सध्या जुन्नर' ऐकायच्या तयारीत होतो.

"भोकरशेत," पावणं म्हणाले. "पानी के अंदर है. डॅम के."

एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "भोकोरशेत," म्हाताऱ्यानं म्हणून पाहिलं. "भोकोर न्हाई हो, भोकर! झाड असतंय, लोनचं घालत्यात त्याचं," असं म्हणत पावणं सुरू झाले आणि हिंदी केव्हाच मागं पडली. कुणाचं घर कुठं, ओढा कुठनं वळायचा, घाटाकडचा वारा कसा कौलं उडवायचा, सगळं मराठीत. म्हाताऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नसणार, तरी तो समोर बसून राहिला. मग उठून त्यानं पावण्यांच्या ताटात माशाचा तुकडा आणून वाढला. मी कुजबुजलो, "पावणं, पक्ष चालू आहे."

"आमचं वाडवडील मासं खाऊनच वर गेलं. त्यान्ला काय वाटायचंय?" ते म्हणाले आणि काट्यापर्यंत सगळा मासा खाल्ला.

परतीच्या गाडीत त्यांनी कुणालाच गाव विचारलं नाही. मला काळजी वाटू लागली, पोट तर बिघडलं नसेल? दौंड मागं पडल्यावर ते एकदम म्हणाले, "भाऊ, तिकडं आमच्या माळावर मोटारी चालवाया थ्री फेजची लाइन आली असंल का रं?"

वर्ष उलटायच्या आत त्यांनी जुन्नरचं दुकान सोडलं. सामान टेम्पोत चढवायला मीही हात लावला. वहिनी पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या होत्या आणि टेम्पो सुटायची वाट बघत होत्या. खरं सांगतो, मला आनंद वगैरे काही झाला नाही. मला त्यांचा रागच आला. इतक्या वर्षांचा शेजार माणसानं असा मोडू नये. नंतर त्या गाळ्यात मोबाइलवाला आला. चांगला पोरगा आहे, पण गिऱ्हाइकाला नंबर विचारतो, गाव नाही.

वसाहतीच्या फाट्यावर पावण्यांनी नवं दुकान टाकलं. स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, 'भोकरशेत मोटार रिवायंडिंग'. आजूबाजूच्या गावांतले लोक आधी हसले. असं गावच इथं नाही, म्हणाले. पण मोटारी जळायच्या थांबत नाहीत, आणि मोटार जळाली की तिथंच यावं लागे.

पाचेक वर्षांनी मी त्यांच्याकडं निघालो. मंचरहून एसटी धरली. पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी, कधी न पाहिलेली. तिनं पैसे पुढं केले आणि म्हणाली, "एक भोकरशेत." कंडक्टरनं मान वर न करता तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि माझ्याकडं वळला. मी वसाहत म्हणणार होतो. "भोकरशेत," म्हणालो.

पावणं दुकानात मोटार खोलून बसले होते. टेकायच्या आधीच मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"बाई आपल्यातली व्हती का?"

"नाही. ओळखीची नव्हती."

"आन् कंडक्टरनं इचारलं का तिला, ह्ये कुठं आलं म्हनून?"

"नाही विचारलं."

पावण्यांनी फडक्यानं हात पुसले. मग मागच्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "आगं, च्या टाक. गाव झालं आपलं."